घटक ५ : उद्याननगरीची भेट – बंगळूर : स्थलनामे आणि भाषासंपर्क

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –

- स्थलनाम हा भाषेच्या आणि समाजाच्या इतिहासाचा पुरावा कसा ठरतो, हे सांगता येईल.
- व्युत्पत्ती आणि लोकव्युत्पत्ती यांतील फरक उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
- बंगळूर शहरातील पेठा, उद्याने आणि तळी यांच्या नावांचे वर्गीकरण करता येईल.
- मराठी आणि कन्नड या भाषांच्या संपर्काचे स्वरूप समजून घेता येईल.
- आपल्या स्वतःच्या परिसरातील नावांची पद्धतशीर नोंद करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण भाषेचा अभ्यास ध्वनी, शब्द आणि वाक्य या अंगांनी केला. या घटकात आपण भाषेचा शोध घेण्यासाठी एका शहरात जाणार आहोत. बंगळूर हे शहर दक्षिणेकडील ‘उद्याननगरी’ म्हणून ओळखले जाते. आपल्यापैकी अनेकांनी नोकरी, उपचार, विवाह किंवा सहल अशा निमित्ताने ते पाहिले असेल. काहींची मुले तेथे स्थायिक झाली असतील. पर्यटक तेथे लालबाग पाहतो, काचगृह पाहतो आणि परततो. भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे पाट्यांवरची आणि लोकांच्या तोंडची नावे.

शहर वाढते तेव्हा जमिनीचा वापर बदलतो. तळे बुजते, शेत जाते, वस्ती हलते. या बदलात सर्वांत चिवट ठरते ते नाव. वस्तू नाहीशी झाल्यावरही नाव काही काळ टिकते आणि तेथे पूर्वी काय होते, कोण राहत होते, याची साक्ष देते. ते नावही पुसले गेले तर साक्षीदार उरत नाही. या घटकाचा गाभा एवढाच आहे.

हा विचार दूरच्या शहरापुरता नाही. पनवेल-उरण पट्ट्यातील द्रोणागिरी हा नव्याने उभा राहणारा नागरी विभाग आज त्याच टप्प्यातून जात आहे. म्हणून आपण प्रथम बंगळूरची नावे वाचू आणि तीच पद्धत घेऊन द्रोणागिरीकडे परत येऊ.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ वाटेवरची भाषा

महाराष्ट्रातून बंगळूरला जाण्याचे दोन रूढ मार्ग आहेत. मुंबईहून सुटणारी ‘उद्यान एक्सप्रेस’ कल्याण, पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल या मार्गाने जाते. या गाडीचे नावच उद्याननगरीवरून आलेले आहे. दुसरा मार्ग रस्त्याचा. पनवेलमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर अशी ठिकाणे घेत बंगळूरला पोहोचतो.

राज्याची सीमा नकाशावर एका रेषेने दाखवतात, भाषेची सीमा मात्र तशी नसते. निपाणी-बेळगाव पट्ट्यात एकाच बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही ऐकू येतात. रेल्वेमार्गावर सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात हन्नूर, नागणसूर यांसारखी कन्नड वळणाची गावनावे महाराष्ट्रातच भेटतात. सांगलीजवळील कुपवाड येथे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या; शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की एका भाषेतील वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत सांगता येई. भाषासंपर्काच्या अभ्यासात हे उदाहरण जगभर दिले जाते आणि ते आपल्या महाराष्ट्रातील आहे.

५.२.२ ‘बंगळूर’ या नावाचा शोध

कन्नडमध्ये या शहराचे नाव ‘बेंगळूरु’ असे उच्चारतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच रूप अधिकृत झाले. मराठीत ‘बंगळूर’ हे रूप त्यापूर्वीपासून रूढ आहे. या दोन रूपांची तुलना उद्बोधक आहे. कन्नड शब्द सामान्यतः स्वरान्त असतो. ‘ऊरु’ म्हणजे गाव. मराठीच्या बोलण्यात शब्दाच्या अखेरचा ऱ्हस्व स्वर टिकत नाही, म्हणून ‘ऊरु’चे ‘ऊर’ झाले. ‘ळ’ मात्र तसाच राहिला, कारण तो दोन्ही भाषांचा सामाईक ध्वनी आहे. इंग्रजीतून हे नाव आले असते तर त्यातील ‘ळ’ टिकला नसता. म्हणजे मराठीने हे नाव साहेबाकडून घेतलेले नाही, थेट शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून घेतले आहे.

आता या नावाचा अर्थ पाहू. लोकांत एक कथा प्रसिद्ध आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीत वाट चुकला. एका वृद्धेने त्याला उकडलेली कडधान्ये खायला दिली. त्यावरून गावाला ‘बेंद काळ ऊरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले. कथा गोड आहे, परंतु पुरावा तिच्या विरुद्ध जातो. शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील मंदिरात गंग राजवटीच्या काळातील, इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीचा एक वीरगळ आहे. त्यावरील लेखात बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख येतो. वीर बल्लाळाचा काळ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. सुमारे तीनशे वर्षे आधी कोरलेले नाव नंतरच्या राजाच्या जेवणावरून पडू शकत नाही.

अशा कथेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या शब्दाचे तुकडे करून, त्या तुकड्यांना ओळखीचा अर्थ देऊन समाज अशी कथा रचतो. लोकव्युत्पत्ती खोटी ठरली तरी ती टाकाऊ नसते. लोकांना आपल्या गावाबद्दल काय सांगावेसे वाटते, हे तिच्यातून कळते. राजाला जेवू घालणाऱ्या म्हातारीचे गाव, अशी ओळख या शहराने स्वतःसाठी निवडली.

येथे ‘वीरगळ’ हा शब्दही पाहून घ्यावा. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड. महाराष्ट्रातील गावोगावच्या शिवमंदिरांपाशी दिसणाऱ्या या स्मारकशिळांना आपण ज्या शब्दाने ओळखतो, तो शब्द कन्नडशी असलेल्या नात्याची खूण आहे.

५.२.३ पेठांचे नगर आणि मराठी राजवट

विजयनगर साम्राज्याचे मांडलिक, येलहंकचे प्रमुख केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये मातीचा कोट बांधून आजच्या नगराचा पाया घातला. कोटाच्या आत व्यवसायांनुसार ‘पेटे’ वसल्या. आजही जुन्या शहरात चिक्कपेटे, दोड्डपेटे, अक्किपेटे, बळेपेटे, अरळेपेटे ही नावे ऐकू येतात. ‘चिक्क’ म्हणजे लहान, ‘दोड्ड’ म्हणजे मोठा, ‘अक्की’ म्हणजे तांदूळ, ‘बळे’ म्हणजे बांगडी आणि ‘अरळे’ म्हणजे कापूस. कोणत्या गल्लीत काय विकले जाई, हे नावच सांगते.

मराठी वाचकाला ‘पेटे’ हा शब्द परका वाटणार नाही. आपली ‘पेठ’ तीच. पुण्यात मात्र अनेक पेठांची नावे वारांवरून पडली, तर बंगळूरच्या पेठांची मालावरून. नाव देण्याचे तत्त्व वेगळे, पण नगररचनेचा शब्द एक.

१६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हा प्रदेश जिंकला. शहाजीराजे भोसले या मोहिमेत होते. पुढे बंगळूर त्यांना जहागीर म्हणून मिळाले आणि केंपेगौडांचे घराणे मागडीकडे सरकले. पुणे आणि बंगळूर ही दोन्ही ठिकाणे एकाच मराठी सरदाराच्या जहागिरीत होती, हे आपण सहसा विसरतो. शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. या संस्कृत ग्रंथात इतर अनेक भाषांतील रचनाही आहेत. शहाजीराजांचा दरबार बहुभाषक होता, याचा हा लेखी पुरावा होय. १६६४ मध्ये शहाजीराजांचे निधन आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

त्यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांच्याकडे बंगळूर आले. मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर मंदिराला एकोजींनी १६६९ मध्ये गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. ‘काडु’ म्हणजे रान, रानातला मल्लेश्वर. आज मंदिराभोवती दाट नागरी वस्ती आहे, रान केवळ नावात उरले आहे. एकोजींनी पुढे तंजावरला राजधानी केली. १६८७ च्या सुमारास बंगळूर मोगलांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयार यांच्याकडे आले.

हा इतिहास वाचताना अभ्यासकाने एक पथ्य पाळावे. शहाजीराजांची जहागीर हा आपल्या अभिमानाचा विषय असला, तरी त्याच घटनेत केंपेगौडांच्या घराण्याचे स्थलांतर आहे. शहराच्या स्मरणात आज केंपेगौडांचे नाव सर्वत्र आहे: बसस्थानकाला, विमानतळाला, टेकड्यांवरील बुरुजांना. मराठी राजवटीची खूण शिलालेखांत आणि कागदपत्रांत शोधावी लागते. दोन्ही खुणा वाचता आल्या, तरच शहर वाचता आले असे म्हणता येईल.

आपली प्रगती तपासा – १

१) ‘बेंद काळ ऊरु’ ही व्युत्पत्ती स्वीकारता येत नाही, याचे कारण एका वाक्यात सांगा.
२) ‘अक्किपेटे’ आणि ‘शनिवार पेठ’ या नावांमागील तत्त्वांत कोणता फरक आहे?

५.२.४ उद्याने आणि त्यांची नावे

‘उद्याननगरी’ हे बंगळूरचे नाम नाही, ते बिरुद आहे. नाम वस्तीतून उगवते. बिरुद बहुधा पाहणारा देतो. हे बिरुद ज्या उद्यानांमुळे मिळाले, त्यांतील दोन प्रमुख उद्यानांची नावे पाहू.

लालबाग. हैदर अलीने १७६० मध्ये या बागेची सुरुवात केली आणि टिपू सुलतानाने ती वाढवली. १८५६ मध्ये ती शासकीय वनस्पती उद्यान झाली. आज तिचे क्षेत्र सुमारे २४० एकर आहे. येथील काचगृहाची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शने भरतात. बागेतील खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो आणि त्याच्या माथ्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे. बागेसाठी कन्नडमध्ये ‘तोट’ हा शब्द आहे, परंतु येथे फारसीतून आलेला ‘बाग’ शब्द स्थिरावला. मुंबईतही लालबाग आहे. ते नाव ऐकून मराठी माणसाला गिरण्या आणि गणपती आठवतात, बाग आठवत नाही. एकच नाव दोन शहरांत किती वेगळा अर्थ धारण करते, याचे हे उदाहरण.

कब्बन पार्क. रिचर्ड सँकी या अभियंत्याने १८७० मध्ये हे उद्यान आखले. म्हैसूरचे आयुक्त मार्क कब्बन यांचे नाव त्याला मिळाले. १९२७ मध्ये त्याचे नाव ‘श्री चामराजेंद्र पार्क’ असे करण्यात आले. परंतु लोकांच्या तोंडी ‘कब्बन पार्क’च राहिले. नाव बदलण्याचा अधिकार शासनाकडे असतो, रूढ करण्याचा अधिकार बोलणाऱ्यांकडे असतो.

बंगळूरच्या हिरवाईत एका व्यक्तीचा वाटा मोठा आहे आणि तिचा धागा मराठी संस्थानाशी जुळतो. गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत आले आणि १९०८ मध्ये बंगळूरला गेले. एका जातीची झाडे फुलून संपताच दुसऱ्या जातीची फुलावीत, म्हणजे वर्षभर रस्ते बहरलेले राहतील, अशी लागवड त्यांनी योजली. ती परंपरा एच. सी. जवरय्या, एम. एच. मरिगौडा या भारतीय तज्ज्ञांनी पुढे नेली. जॅकरंडा, ताबेबुइया, पर्जन्यवृक्ष ही अमेरिका खंडातून आलेली झाडे आज या शहराची ओळख आहेत. भाषेत उसने शब्द असेच रुजतात. ‘टेबल’ किंवा ‘कागद’ परका आहे, असे आज बोलताना कोणाच्या मनातही येत नाही.

५.२.५ पाणी गेले, नाव राहिले

बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि त्याला बारमाही मोठी नदी नाही. म्हणून येथील लोकांनी उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडवले आणि तळ्यांची साखळी निर्माण केली. तळ्याला कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात. उद्याने येण्याच्या फार पूर्वीपासून हे तळ्यांचे गाव होते. आज शहराचा मुख्य पाणीपुरवठा सुमारे शंभर किलोमीटरवरून, उपसा करून आणलेल्या कावेरीच्या पाण्यावर आहे.

उद्यान एक्सप्रेसने उतरणारा प्रवासी स्थानकाबाहेर येऊन समोरच्या केंपेगौडा बसस्थानकात जातो, ज्याला लोक एका जुन्या चित्रपटगृहावरून ‘मॅजेस्टिक’ म्हणतात. ते बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर उभे आहे. ‘अंबुधी’ म्हणजे समुद्र. दुष्काळी पठारावरच्या माणसाने तळ्याला समुद्र म्हटले. हीच दृष्टी शहराभोवतीच्या अनेक गावनावांत दिसते. सिंगसंद्र, जक्कसंद्र, दोम्मसंद्र यांतील ‘संद्र’ हे ‘समुद्र’ या शब्दाचे झिजलेले रूप होय. येथे समुद्राचा अर्थ मोठे तळे असा घ्यायचा.

कब्बन पार्कला लागूनच श्री कंठीरव क्रीडागार आहे. तेथे पूर्वी संपंगी तळे होते. तळे गेले, पण शेजारच्या वस्तीच्या ‘संपंगीरामनगर’ या नावात ते उरले. एवढेच नव्हे, चैत्र पौर्णिमेच्या सुमारास होणाऱ्या ‘करग’ उत्सवातही ते उरले आहे. जुन्या शहरातील धर्मराय मंदिराचा हा उत्सव तिगळ समाजाचा आहे. फुले आणि भाजीपाला पिकवणारा हा समाज. उत्सवाच्या विधीसाठी संपंगी तळ्याचे पाणी लागते, म्हणून क्रीडागाराच्या आवारात तळ्याचा एक लहानसा चौकोन राखलेला आहे. उद्याननगरीच्या मातीत प्रत्यक्ष राबलेल्या माणसांनी शहराचे पाणी असे स्मरणात जपले. नाव आणि विधी यांनी मिळून जे राखले, ते नकाशाने राखले नव्हते.

५.२.६ मराठी आणि कन्नड : देवाणघेवाण

भाषासंपर्काचे चार प्रकार आपण उदाहरणांनी पाहू.

(अ) शब्दांची उसनवारी. कन्नड ‘तुप्प’ आणि मराठी ‘तूप’ यांत नियमित ध्वनिबदल दिसतो: जोडाक्षर सुटे झाले, आधीचा स्वर दीर्घ झाला, शेवटचा स्वर लोपला. सुपारीला कन्नडमध्ये ‘अडके’ म्हणतात. आपल्या ‘अडकित्त्या’त ती दडलेली आहे. ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ ही नातेवाचके दोन्ही भाषांत आहेत. जेवणाचे ताट आणि घरातले नाते या दोन्ही ठिकाणी शेजारभाषा पोहोचली आहे.

(आ) एक शब्द, दोन अर्थ. दोन्ही भाषांनी संस्कृतातून शब्द घेतले, पण ते वेगळ्या अर्थांनी रुजवले. कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई आणि ‘अवकाश’ म्हणजे संधी. मराठीत ‘अवसर’ हा संधीच्या अर्थी येतो आणि ‘अवकाश’ म्हणजे मोकळी जागा किंवा सवड. ‘स्वल्प’ हा शब्द मराठीत ‘स्वल्पविरामा’पुरता पुस्तकी उरला, बंगळूरच्या गर्दीच्या बसमध्ये मात्र ‘थोडे’ या अर्थाने तो रोज ऐकू येतो.

(इ) व्याकरणाचा संपर्क. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो सामील होतो. हिंदीतील ‘हम’मध्ये हा भेद नाही. अनेक अभ्यासक मराठीतील हा भेद द्राविड भाषांच्या सहवासाशी जोडतात. ऐकणाऱ्याला सामील करून घेणारे आपले हे सर्वनाम शेजाऱ्याच्या सहवासात घडले असावे, हा विचार सीमेवर भाषेवरून वाद होतात तेव्हा आवर्जून आठवावा.

(ई) द्विभाषक माणसे. शिवाजीराव गायकवाड हे १९५० मध्ये बंगळूरच्या मराठी कुटुंबात जन्मले, तेथील शहर बससेवेत वाहक होते आणि पुढे तमिळ चित्रपटात रजनीकांत या नावाने प्रसिद्ध झाले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कामात तमिळ असा भाषाव्यवहार दक्षिणेतील असंख्य मराठी कुटुंबांचा आहे.

बंगळूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायथ्याशी मराठी शब्द कोरलेले आहेत, हे आपण मराठी भाषेच्या इतिहासात वाचले आहे. त्या लेखाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा स्पष्ट उल्लेख असलेला शिलालेख रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या अक्षी येथे आहे. मराठीचे आरंभीचे दोन दगड असे दोन भाषाप्रदेशांत आहेत.

आपली प्रगती तपासा – २

३) ‘संद्र’ या नावांशाचा मूळ शब्द कोणता? त्याचा येथील अर्थ काय?
४) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट करा.

५.२.७ द्रोणागिरीची नावे

आता हीच पद्धत आपल्या परिसराला लावू. करंजा-उरणजवळील डोंगर आणि किल्ला यांचे नाव द्रोणागिरी; हनुमंताने उचलून आणलेल्या पर्वताच्या कथेशी ते नाव जोडले जाते. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबईच्या आखणीत याच डोंगराचे नाव एका नागरी विभागाला मिळाले. आज तेथील पत्ता सेक्टरच्या क्रमांकाने सांगितला जातो, जसा बंगळूरच्या जयनगरात ब्लॉकच्या क्रमांकाने सांगितला जातो. क्रमांक सोयीचा असतो. परंतु त्या जागी खाजण होते, मिठागर होते की भातशेती, हे क्रमांक सांगत नाही.

गावनावे ते सांगतात. बोकडवीरा, पागोटे, नवघर, जासई, चांजे ही नावे सेक्टरांपेक्षा कितीतरी जुनी आहेत. चांजे येथे शिलाहार राजांचे शिलालेख सापडले. त्यांपैकी सोमेश्वर राजाच्या शके ११८२ (इ. स. १२६०) च्या लेखात उरणमधील या गावातील एका बागेचे ठरावीक उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद आहे. लालबागेच्या पाचशे वर्षे आधी या मातीतील एका बागेची नोंद दगडावर झाली होती. आजही किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या बागेला ‘वाडी’ म्हणतात. संस्कृत ‘वाटिका’ या शब्दाचे हे रूप वस्ती आणि बाग असे दोन्ही अर्थ सांभाळून आहे.

न्हावा-शेवा हे नाव आज जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांत आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरासाठी शेवा आणि शेवा कोळीवाडा येथील वस्ती हलवावी लागली. गाव उठले आणि नाव बंदराला राहिले, जसे संपंगी तळे गेले आणि नाव वस्तीला राहिले. जासई आणि पागोटे ही नावेही केवळ पत्त्यातली नाहीत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी या दोन गावांत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली.

१२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे सुरू झाली. त्या मार्गावरील स्थानकांना मूळ गावांची नावे द्यावीत, अशी मागणी ग्रामस्थांनी केली; द्रोणागिरी स्थानकाला बोकडवीरा हे नाव मिळावे, ही त्यांपैकी एक. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटेल. या घटकाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला तो तसा वाटू नये. ज्यांची शेते गेली, त्यांच्यापाशी गावाचे नाव हा उरलेला सातबारा असतो. तो कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. तो बोलणाऱ्यांच्या तोंडी असतो.

गावनावे तरी कागदावर आहेत. त्याहून लहान नावे, म्हणजे शेताच्या तुकड्याचे, खाजणाच्या बांधाचे, उघाडीचे, खाडीच्या वळणाचे, मासेमारीच्या जागेचे नाव, बहुधा कोठेही लिहिलेली नसतात. ती वयस्कर आगरी-कोळी स्त्रीपुरुषांना ठाऊक असतात. ‘आगरी’ हे समाजनाव ज्या ‘आगर’ शब्दावरून आले, ती मिठागरे डोळ्यांसमोरून जात आहेत. बंगळूरच्या तळ्यांना उत्सवाने आणि शिलालेखांनी काही अंशी वाचवले. येथील लहान नावांसाठी ते काम आपल्याला वहीने करावे लागेल. आपण नोकरी आणि संसार सांभाळून शिकत आहात, त्याच गावात आणि त्याच माणसांत राहत आहात. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला जे महिनोन्महिने मिळणार नाही, ते आपल्याला ओटीवर बसून मिळू शकते.

५.३ सारांश

बंगळूर हे नाव नवव्या शतकाच्या अखेरीच्या वीरगळावर आढळते. उकडलेल्या दाण्यांची कथा ही लोकव्युत्पत्ती होय. पेठांची नावे व्यवसाय सांगतात, उद्यानांची नावे राजवटी सांगतात आणि तळ्यांची नावे नाहीसे झालेले पाणी सांगतात. मराठी आणि कन्नड यांचा संपर्क शब्द, अर्थ, व्याकरण आणि माणसे या चारही पातळ्यांवर आहे. वाढत्या शहरात वस्तू आधी जाते आणि नाव नंतर जाते. त्या दोहोंच्या मधल्या काळात नोंद करणे शक्य असते. द्रोणागिरी परिसर आज त्या मधल्या काळात आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

स्थलनाम – गाव, वस्ती, डोंगर, जलाशय इत्यादींचे नाव.
लोकव्युत्पत्ती – शब्दाच्या ओळखीच्या तुकड्यांवरून समाजाने रचलेली अर्थकथा.
भाषासंपर्क – दोन किंवा अधिक भाषांच्या सहवासातून त्यांच्यावर होणारा परस्पर परिणाम.
बिरुद – मूळ नामाखेरीज गुणावरून दिलेले गौरवाचे नाव.

५.५ ‘आपली प्रगती तपासा’ : उत्तरे

१) वीर बल्लाळाच्या सुमारे तीनशे वर्षे आधीच्या बेगूर येथील लेखात हे नाव आढळते.
२) पहिले नाव विक्रीच्या मालावरून (तांदूळ), दुसरे वारावरून पडले आहे.
३) ‘समुद्र’, येथे अर्थ मोठे तळे.
४) ‘आम्ही बंगळूरला जाणार’ यात ऐकणारा वगळला आहे, ‘आपण बंगळूरला जाणार’ यात तो सामील आहे.

५.६ स्वाध्याय

१) ‘स्थलनाम हा इतिहासाचा पुरावा असतो’ या विधानाची बंगळूरच्या उदाहरणांनी चर्चा करा.
२) मराठी-कन्नड भाषासंपर्काचे स्वरूप सोदाहरण स्पष्ट करा.
३) टीप लिहा : (अ) लोकव्युत्पत्ती (आ) अधिकृत नाव आणि रूढ नाव.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा वस्तीतील साठ वर्षांवरील दोन व्यक्तींशी बोला. शेत, बांध, पाणवठा, पायवाट, खाजण यांची त्यांना ठाऊक असलेली किमान पंधरा नावे उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा: पूर्वी तेथे काय होते, आज तेथे काय आहे, नावाविषयी सांगितली जाणारी कथा कोणती. सांगणाऱ्याची परवानगी घ्या. नावाची ‘शुद्ध’ रूपे करू नका. पूर्ण झालेली वही ज्यांनी माहिती दिली त्यांना वाचून दाखवा आणि त्यानंतरच अभ्यासकेंद्रात सादर करा.